चेस : संगणकीय बुद्धिबळ आज्ञावली

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९६८ ते १९७९ या काळात विकसित झालेली, बुद्धिबळ खेळणारी संगणक आज्ञावली. लॅरी ॲटकिन, कीथ गोर्लेन आणि डेव्हिड स्लेट हे तिचे कर्ते होत. सुधारलेल्या प्रत्येक आवृत्तीस क्रमांक देण्याच्या पद्धतीमुळे ती ‘चेस ३.०’, ‘चेस ४.५’, ‘चेस ४.७’ अशा नावांनी ओळखली जाते. १९७० ते १९७९ या दशकात संगणकांच्या आपसांतील स्पर्धांवर तिचे वर्चस्व होते. १९७७ मध्ये तिने जागतिक संगणक अजिंक्यपद मिळविले आणि १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर या दर्जाच्या खेळाडूस स्पर्धेच्या नियमांनुसार खेळलेल्या एका डावात हरविले. असा विजय मिळविणारी ती पहिलीच आज्ञावली होय. तथापि तिचे महत्त्व केवळ या विजयांपुरते नाही. यंत्राने बुद्धिबळ कोणत्या रीतीने खेळावे, माणसाप्रमाणे मोजक्या चाली निवडून की सर्व चाली तपासून, हा पंचवीस वर्षांचा वाद प्रयोगशाळेत न सुटता स्पर्धेच्या पटावर सुटला आणि तो सोडविण्यात या आज्ञावलीचा वाटा सर्वांत मोठा होता.

या वादाची मांडणी क्लॉड शॅनन (१९१६–२००१) या अमेरिकन गणितज्ञांनी १९४९ मध्ये वाचलेल्या व १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. बुद्धिबळाचा डाव शेवटापर्यंत तपासून पाहणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही, कारण संभाव्य डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी प्रचंड आहे, हे त्यांनी प्रथम दाखविले. म्हणून यंत्राने काही चाली पुढे पाहावे, तेथील स्थितीस सोंगट्यांची किंमत, राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना इ. गोष्टींवरून गुण द्यावेत आणि प्रतिपक्ष आपल्याला सर्वांत गैरसोयीची चाल करील असे गृहीत धरून स्वतःची चाल ठरवावी, अशी योजना त्यांनी सुचविली. पुढे पाहण्याचे दोन मार्ग त्यांनी सांगितले. ‘अ’ प्रकारात ठराविक खोलीपर्यंतच्या सर्व चाली तपासावयाच्या. ‘ब’ प्रकारात वरवर पाहता सयुक्तिक वाटतील अशा थोड्या चाली निवडून त्यांचाच खोलवर विचार करावयाचा. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन चाली पाहावयाच्या तर सु. १०० कोटी स्थिती तपासाव्या लागतील आणि एका स्थितीस एक मायक्रोसेकंद धरला, तरी एका चालीस सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे ‘अ’ प्रकार दुबळाच राहील आणि खरी आशा ‘ब’ प्रकाराकडूनच आहे, असा त्यांच्या विवेचनाचा कल होता.

पुढील वीस वर्षे बहुतेक संशोधकांनी हाच कल मान्य केला आणि त्यास कारणही तसेच होते. उत्तम खेळाडू शेकडो शक्यता तपासत नाही. पटाकडे दृष्टी टाकताच दोन-तीन चाली त्याच्या मनात उभ्या राहतात व उरलेल्या चालींचा तो विचारही करीत नाही. ही निवड कशी होते हे यंत्राला शिकविता आले, तर बुद्धिबळाबरोबरच मानवी विचारप्रक्रियेवरही प्रकाश पडेल, अशी ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन आदी शास्त्रज्ञांची धारणा होती. दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असे भाकीत सायमन यांनी १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात केले होते. ते फसले. ॲलेक्स बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९५७-५८ च्या सुमाराची आज्ञावली आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्येक टप्प्याला सातच चाली निवडून चार टप्पे पुढे पाही. तिचा खेळ नवशिक्याच्या पलीकडे गेला नाही. १९६६-६७ मध्ये अमेरिकन व सोव्हिएट आज्ञावल्यांमध्ये तारायंत्राद्वारे चार डावांचा सामना झाला. त्यात सर्व चाली तपासणाऱ्या सोव्हिएट आज्ञावलीने दोन डाव जिंकले व दोन बरोबरीत सोडविले. ही पूर्वसूचनाच होती. परंतु त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे गंभीरपणे पाहिले नाही. उलट १९६७ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील रिचर्ड ग्रीनब्लॅट यांची ‘मॅक हॅक’ ही आज्ञावली माणसांच्या स्पर्धांत उतरली व तिने तेथे काही डाव जिंकले. ती निवडक चालींच्या पद्धतीची असल्याने ‘ब’ प्रकाराच्या समर्थकांना नवे बळ मिळाले.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये आपले काम सुरू केले, ते या वातावरणात. प्रथम ॲटकिन व गोर्लेन हे दोघेच होते. पुढच्या वर्षी स्लेट त्यांना येऊन मिळाले. विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील सीडीसी ६४०० हे यंत्र त्यांच्या हाताशी होते. हा उद्योग त्यांनी मुख्यतः आवडीखातर, फावल्या वेळात चालविला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मानवी मनाचे कोडे उलगडण्याची प्रतिज्ञा त्यांनी केलेली नव्हती. आपली आज्ञावली चांगली खेळावी एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे जो निर्णय त्यांनी सहजपणे घेतला, तो एखाद्या सिद्धांताला बांधलेल्या संशोधकास इतक्या सहजपणे घेता आला असता, असे वाटत नाही.

संगणकांच्या आपसांतील नियमित स्पर्धांना १९७० मध्ये प्रारंभ झाला. असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संघटनेच्या न्यूयॉर्क येथील वार्षिक अधिवेशनात मनोरंजनाचा एक भाग म्हणून पहिली स्पर्धा घेण्यात आली. तीत सहा आज्ञावल्यांनी भाग घेतला. संगणक स्पर्धेच्या जागी आणणे बहुधा अशक्यच असे. ते आपापल्या गावी असत आणि दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या टंकयंत्रावर त्यांच्या चाली येत. पटावरील सोंगट्या माणसेच हलवीत. तार तुटणे, यंत्र बंद पडणे, चुकीची चाल टंकली जाणे हे प्रकार नेहमीचे होते. अशा स्थितीत चेस ३.० ने तिन्ही डाव जिंकून पहिला क्रमांक मिळविला. १९७१ मध्ये शिकागो येथे चेस ३.५ ने आणि १९७२ मध्ये बॉस्टन येथे चेस ३.६ ने हाच पराक्रम पुन्हा केला.

हे यश डोळ्यांत भरणारे असले, तरी त्या काळच्या इतर आज्ञावल्यांचा दर्जा पाहिल्यास त्याचे योग्य मोल कळते. १९७१ च्या स्पर्धेत ‘कोको ३’ या आज्ञावलीस ‘जीनी’ या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एका चालीत मात देण्याची संधी होती. ती संधी पुढील चालींतही कायम राहिली. परंतु आता देता येणारी मात आणि नंतर देता येणारी मात या दोहोंना ती सारखेच गुण देत असल्याने प्रत्येक वेळी तिने मात पुढे ढकलली आणि अखेर तो डाव ती चक्क हरली! लवकरच्या मातेस अधिक गुण द्यावेत ही गोष्ट कोणत्याही मुलास सांगावी लागत नाही. यंत्रास ती सांगावी लागते. एक वगळलेली सूचना आणि एक गमावलेला डाव यांचे असे थेट नाते स्पर्धेमुळेच उघड होई. त्या काळी या स्पर्धांचा खरा उपयोग अजिंक्यपद ठरविण्यापेक्षा असे दोष हुडकण्यासाठीच अधिक होता.

चेस ३.६ देखील निवडक चालींच्याच पद्धतीची होती. प्रत्येक स्थितीत कोणत्या चाली विचारात घ्यावयाच्या हे ठरविणारा तिचा भाग दिवसेंदिवस गुंतागुंतीचा होत गेला. एखाद्या डावात चांगली चाल निवडीतून सुटली की तीसाठी नवा नियम घालावा, तर तोच नियम दुसऱ्या डावात भलत्या ठिकाणी आड येई. तोवर गोर्लेन यांनी हे काम सोडले होते. स्लेट व ॲटकिन यांनी १९७३ मध्ये जुनी आज्ञावली बाजूला ठेवून संपूर्ण नवी लिहावयास घेतली. त्या वर्षीची स्पर्धा जवळ आली होती आणि चालींची निवड करणारा भाग पुन्हा लिहिण्याइतका उत्साह दोघांमध्येही नव्हता. तेव्हा तो भाग गाळूनच टाकावा व ठराविक खोलीपर्यंत सर्व चाली तपासाव्यात, असे त्यांनी ठरविले. एखादा सिद्धांत प्रस्थापित करण्याचा त्यामागे हेतू नव्हता. साधेपणा व वेळेची निकड हीच कारणे होती. अशा रीतीने सिद्ध झालेली चेस ४.० जुन्या आवृत्तीपेक्षा कोणत्याही बाबतीत उणी ठरली नाही. १९७३ मध्ये अटलांटा येथील स्पर्धा तिने जिंकली. तिचा दोष शोधणे सोपे होते, तिच्यात सुधारणा करणे सोपे होते आणि मुख्य म्हणजे डोळ्यांसमोरची चाल न दिसण्याचा जुना रोग तिला नव्हता.

शॅनन यांच्या हिशेबानुसार जे अशक्यप्राय होते ते शक्य कसे झाले, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मध्यडावातील एका स्थितीत सरासरीने सु. ३५ चाली संभवतात. एका बाजूच्या एका चालीस अर्धचाल म्हटल्यास, सहा अर्धचालींपर्यंतच्या सर्व शक्यता सु. १८४ कोटी होतात. मात्र त्या सर्व प्रत्यक्ष पाहण्याची गरज नसते. एखाद्या चालीस प्रतिपक्षाचे एक जरी मारक उत्तर सापडले, तरी ती चाल टाकून देता येते. तिची इतर उत्तरे पाहावी लागत नाहीत. अल्फा-बीटा छाटणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युक्तीमुळे अंतिम निर्णयात कणमात्र फरक पडत नाही, पण चांगल्या चाली प्रथम तपासल्या गेल्यास १८४ कोटींचे काम सु. ८६ हजार स्थितींवर येते. म्हणजे सारी मदार चाली तपासण्याच्या क्रमावर राहते. त्यासाठी स्लेट व ॲटकिन यांनी प्रथम एक अर्धचाल, मग दोन, मग तीन अशी खोली पायरीपायरीने वाढविली. वरवर पाहता यात तेच काम पुनःपुन्हा करावे लागते. परंतु उथळ शोधात जी चाल सर्वोत्तम ठरली ती खोल शोधात प्रथम तपासली जाते व त्यामुळे एकूण वेळ वाचतो. शिवाय स्पर्धेत सामान्यतः ४० चालींसाठी २ तास मिळत. वेळ संपताच आधीच्या पायरीचे उत्तर तयार असे, ही सोय वेगळीच. एकदा तपासलेली स्थिती वेगळ्या क्रमाने खेळलेल्या चालींतून पुन्हा उद्भवली, तर तिचे गुण स्मृतिकोशातील नोंदीवरून थेट घेतले जात. शेवटच्या थरावर मारामारी अर्धवट राहिली असेल, तर ती संपेपर्यंतच्या चाली पाहून मगच गुण देण्यात येत. यांपैकी प्रत्येक युक्ती सर्वस्वी नवी होती असे नाही. त्या सर्वांचा एकत्र व काटेकोर उपयोग हे या आज्ञावलीचे वैशिष्ट्य होय. पुढील दोन दशकांतील जवळजवळ प्रत्येक समर्थ आज्ञावलीने हाच आराखडा स्वीकारला.

या आराखड्यात एक मर्म होते. खोली एका अर्धचालीने वाढवावयाची, तर काम सरासरीने सु. सहापट वाढते. म्हणजेच सहापट वेगवान यंत्र मिळाल्यास, बुद्धिबळाचे नवे ज्ञान एका अक्षराने न वाढविताही, आज्ञावली एक अर्धचाल अधिक खोल पाहू लागते. मराठीत या खेळाच्या नावातच बुद्धी व बळ हे दोन शब्द एकत्र आले आहेत. त्यातील बळ म्हणजे मुळात सैन्य हे खरे. पण चेस ४.० पासून पुढे हे दोन शब्द परस्परांचे प्रतिस्पर्धी झाल्यासारखे दिसतात.

१९७४ साली मात्र चेसला दोनदा अपयश आले. स्टॉकहोम येथे भरलेल्या पहिल्या जागतिक संगणक अजिंक्यपद स्पर्धेत १३ आज्ञावल्या होत्या. तीत ‘केऑस’ या अमेरिकन आज्ञावलीने घोड्याचा बळी देऊन चेस ४.० ला हरविले. घोड्याच्या मोबदल्यात लगेच काही परत मिळत नव्हते. केवळ स्थितीच्या जोरावर दिलेला हा बळी संगणकीय बुद्धिबळात अपूर्व मानला गेला. चारही डाव जिंकून मॉस्कोच्या ‘काइसा’ या आज्ञावलीने अजिंक्यपद मिळविले; चेस ४.० दुसरी आली. गंमत अशी की या दोघींची स्पर्धेत गाठच पडली नव्हती. स्पर्धा संपल्यावर मुद्दाम खेळविण्यात आलेला त्यांचा डाव बरोबरीत सुटला. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत एखाद्या डावाने क्रम बदलतो, त्यामुळे अशा अजिंक्यपदावरून फार मोठे निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. या नोंदीतील सर्वच विजयांना हे लागू आहे. त्याच वर्षी सॅन डिएगो येथे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या ‘रिबिट’ने चेसला हरवून अमेरिकन स्पर्धेतील तिची चार वर्षांची मालिका खंडित केली. १९७५ मध्ये मिनीॲपोलिस येथे चेस ४.४ ने व १९७६ मध्ये ह्यूस्टन येथे चेस ४.५ ने प्रथम स्थान परत मिळविले.

माणसांच्या स्पर्धांतील तिच्या प्रगतीचा टप्पा १९७६ मध्ये सुरू होतो. अमेरिकेत खेळाडूंची वर्गवारी गुणांकनानुसार होते. १६०० ते १७९९ गुणांकनाचे खेळाडू ‘ब’ वर्गात, २००० ते २१९९ चे तज्ज्ञ वर्गात आणि २२०० व त्यावरील मास्टर वर्गात मोडतात. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल मॅसन स्पर्धेच्या ‘ब’ वर्गात चेस ४.५ ने पाचही डाव जिंकले. फेब्रुवारी १९७७ मध्ये मिनेसोटा राज्याच्या खुल्या स्पर्धेत तिने सहापैकी पाच गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. तीत तिने तज्ज्ञ वर्गातील खेळाडूसही हरविले. या विजयांना यंत्राचा मोठा हातभार होता. विद्यापीठाच्या जुन्या संगणकाऐवजी आता कंट्रोल डेटा कंपनीचे सायबर १७५ व सायबर १७६ हे कितीतरी पट वेगवान संगणक तिला मिळू लागले होते. येथे गुणांकनाच्या पद्धतीतील एक अडचण उघड झाली. माणसाचा खेळ वर्षाकाठी थोडा थोडा बदलतो. म्हणून मागील कामगिरीवरून काढलेले गुणांकन त्याच्या आजच्या बळाचे बऱ्यापैकी निदर्शक असते. आज्ञावली मात्र एका रात्रीत वेगळ्या यंत्रावर नेता येते व तिचे बळ तत्काळ बदलते, गुणांकन मागेच राहते. ‘ब’ वर्गातील ज्या खेळाडूंची तिच्याशी गाठ पडली, त्यांच्यासमोर प्रत्यक्षात वरच्या वर्गाचा प्रतिस्पर्धी बसला होता. अशा स्पर्धांत यंत्रांना प्रवेश द्यावा की नाही, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे वादग्रस्त राहिला आणि यात खेळाडूंची बाजू दुबळी होती असे म्हणता येत नाही.

ऑगस्ट १९७७ मध्ये टोराँटो येथे दुसरी जागतिक स्पर्धा झाली. सोळा आज्ञावल्यांत चेस ४.६ ने चारही डाव जिंकून अजिंक्यपद मिळविले व नंतर झालेल्या प्रदर्शनीय डावात काइसालाही नमविले. याच स्पर्धेतील एक डाव मात्र विजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही. पहिल्या फेरीत ड्यूक विद्यापीठाच्या ‘डचेस’ने काइसाच्या राजाला वजिराने शह दिला. राजा एका घराने सरकविणे ही उघड चाल होती. ती सोडून काइसाने हत्ती मध्ये घालून तो फुकट दिला आणि पुढे डाव गमावला. प्रेक्षकांत माजी जगज्जेते मिखाइल बोट्विनिक (१९११–९५) उपस्थित होते. यंत्रात बिघाड झाला, अशीच सर्वांची समजूत झाली. डावानंतर तीच स्थिती काइसासमोर ठेवून राजा सरकविल्यास काय होईल, असे विचारण्यात आले, तेव्हा तिने उत्तर दाखविले : वजिराचा बळी देऊन पांढऱ्याची सक्तीची मात. हत्ती देणे हाच काही काळ तग धरण्याचा मार्ग होता. सभागृहातील एकाही माणसाच्या लक्षात न आलेली चाल सर्व चाली तपासणाऱ्या यंत्राने पाहिली होती. वजीर फुकट देणारी चाल माणसाच्या मनात निवडीपूर्वीच गळून पडते. निवडक चालींच्या आज्ञावलीनेही ती बहुधा गाळलीच असती. बोट्विनिक स्वतः त्या काळी ‘पायोनियर’ या आज्ञावलीवर काम करीत होते. जगज्जेत्याची विचारपद्धती यंत्रात उतरविण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. परंतु पायोनियर एकाही स्पर्धेत उतरू शकली नाही.

चेसची सर्वांत गाजलेली लढत ही एका पैजेची अखेर होती. स्कॉटलंडचे खेळाडू डेव्हिड लेव्ही यांनी १९६८ मध्ये एडिंबरो येथे जॉन मॅकार्थी व डॉनल्ड मिची या संगणकशास्त्रज्ञांशी अशी पैज मारली की, दहा वर्षांत कोणतीही आज्ञावली आपणास सामन्यात हरवू शकणार नाही. पुढे आणखी शास्त्रज्ञ या पैजेत सामील होऊन एकूण रक्कम १,२५० पौंडांवर गेली. दरम्यान लेव्ही आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. मुदत संपत आली तेव्हा त्यांच्यासमोर उभी करण्याजोगी आज्ञावली एकच होती. एप्रिल १९७७ मध्ये त्यांनी चेस ४.५ ला हरविले होते. परंतु त्याच वर्षी लंडनमध्ये चेस ४.६ ने मायकेल स्टीन या ग्रँडमास्टरला जलद बुद्धिबळाच्या एका डावात हरविल्याने उत्सुकता वाढली होती. ऑगस्ट-सप्टेंबर १९७८ मध्ये टोराँटो येथे लेव्ही व चेस ४.७ यांच्यात सहा डावांचा सामना ठरला. संगणक मिनेसोटात होता.

पहिल्या डावात लेव्ही अडचणीत आले, पण त्यांनी तो बरोबरीत सोडविला. त्यानंतर त्यांनी आपले नेहमीचे धोरण कटाक्षाने पाळले. यंत्राशी खेळताना पट मोकळा होऊ द्यावयाचा नाही, मारामारी टाळावयाची, घाई न करता स्थिती हळूहळू बळकट करावयाची आणि यंत्र आपण होऊन चूक करीपर्यंत थांबावयाचे, असे हे धोरण होते. यंत्राची दृष्टी ठराविक अर्धचालींनंतर एकदम थांबते. त्या मर्यादेपलीकडील संकट त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. हॅन्स बर्लिनर यांनी या दोषास क्षितिज परिणाम असे नाव दिले आहे. संथ डावात क्षितिजापलीकडे पुष्कळ काही घडते, हे लेव्ही जाणून होते. दुसरा व तिसरा डाव त्यांनी जिंकला. चौथ्या डावात मात्र त्यांनी हे धोरण सोडून लॅटव्हियन गँबिट हा अतिशय तिखट प्रारंभ निवडला. यंत्राशी यंत्राच्याच शस्त्राने लढून पाहण्याची त्यांना इच्छा झाली. त्यात ते हरले. स्पर्धेच्या वेळमर्यादेत आंतरराष्ट्रीय मास्टरचा संगणकाकडून झालेला हा पहिला पराभव. पाचवा डाव पुन्हा संथपणे खेळून त्यांनी जिंकला आणि साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी सामना व पैज दोन्ही मिळविली. सहाव्या डावाची गरज उरली नाही.

या सामन्याचे तात्पर्य दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचे काढले. दहा वर्षांत यंत्र मास्टरपुढे टिकू शकले नाही, हे लेव्ही यांचे म्हणणे आकड्यांनुसार खरेच होते. तथापि पाच डावांतील यंत्राचा एकमेव बरोबरीचा दिवस पहिला आणि एकमेव विजयाचा दिवस चौथा ध्यानी घेता, मनुष्याने आपला मोकळा खेळ सोडून यंत्राच्या उणिवांवर बेतलेला खेळ खेळल्यानेच तो जिंकला, हेही तितकेच खरे आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये हॅम्बर्ग येथे दूरचित्रवाणीसाठी लेव्ही व चेस ४.८ यांच्यात आणखी एक डाव झाला. तीत सोंगट्या यांत्रिक हाताने हलविल्या जात होत्या. तो डाव अनिर्णित राहिला.

चेसचा अस्त तिच्या उदयाच्याच तर्काने घडून आला. वेगाने बळ वाढते हे एकदा सिद्ध झाल्यावर, सर्वसाधारण संगणकापेक्षा केवळ बुद्धिबळासाठी बनविलेले यंत्र अधिक सरस ठरणार, हे उघड होते. बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्सन व जो काँडन यांनी चाली शोधणे व गुण देणे ही कामे करणारी खास विद्युत् मंडले तयार केली. ‘बेल’ हे त्यांचे यंत्र पुढे सेकंदाला सु. १,६०,००० स्थिती तपासू लागले. सायबर संगणकावरील चेसची मजल काही हजारांपर्यंतच होती. १९७७ मध्ये सिॲटल येथे चेस ४.६ ला डचेसबरोबर पहिला क्रमांक विभागून घ्यावा लागला होता. १९७८ मध्ये वॉशिंग्टन येथे बेलने चेस ४.७ ला हरवून ती स्पर्धा जिंकली. १९७९ मध्ये डिट्रॉइट येथे चेस ४.९ ने प्रथम स्थान मिळविले. तो तिचा अखेरचा मोठा विजय होय. १९८० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे जागतिक अजिंक्यपद बेलकडे गेले आणि १९८३ मध्ये अमेरिकन गुणांकनानुसार मास्टर दर्जा मिळविणारे ते पहिले यंत्र ठरले. स्लेट यांनी त्यानंतर ‘नूचेस’ ही आज्ञावली लिहिण्यात भाग घेतला. ॲटकिन यांनी पीटर फ्रे यांच्यासह घरगुती संगणकासाठी ‘चेस ७.०’ तयार केली. तोवर काही वर्षांपूर्वी विद्यापीठाचे मोठे यंत्र अडवून ठेवणारा खेळ टेबलावरील छोट्या यंत्रावर आला होता.

बेलनंतर ‘क्रे ब्लिट्झ’, ‘हायटेक’ व ‘डीप थॉट’ या आज्ञावल्यांनी हाच मार्ग पुढे नेला. १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने तत्कालीन जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले, तेव्हा सायमन यांचे भाकीत तीस वर्षे उशिराने खरे झाले, पण ज्या रीतीने ते खरे व्हावे असे त्यांना वाटत होते, त्या रीतीने नव्हे. माणूस दोन-तीनच चाली कशा निवडतो, या मूळ प्रश्नाचे उत्तर या साऱ्या विजयांत कोठेच नव्हते. चालींची निवड स्वतःच्याच असंख्य डावांतून शिकणाऱ्या ‘अल्फाझीरो’सारख्या आज्ञावल्या २०१७ मध्ये पुढे आल्या, तेव्हा १९७३ मध्ये बाजूला टाकलेला ‘ब’ प्रकार वेगळ्या वेशात परत आला, असे म्हणण्यास जागा आहे.

लेव्ही यांनी १९७८ नंतरही संगणकांविरुद्ध खेळणे चालू ठेवले. डिसेंबर १९८९ मध्ये डीप थॉटविरुद्ध चार डावांचा सामना ते खेळले, त्याच संथ धोरणाने. चारही डाव ते हरले.